फवारणीची बॅटरी आन् आवाजवाल्याचा टीव्ही

"तुम्हीच सांगा मॅडम, आवाज धरायच्या कामाला टीव्ही कशाला लागतो?"

आमच्या आणि आक्कांच्या अंगणामध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण आहे. वरून एक तार ताणलेली, तारेवर दोडक्याचा वेल. शेळ्या त्यानं अडतात. बातमी अडल्याचं मात्र मला वाटूरला आल्यापासून आठवत नाही. आक्का चार दोडके माझ्या ओंजळीत टाकत होत्या, पण तारेवरचा हात काही मागं घेत नव्हत्या. विषय लांबणार हे ओळखून मी आत जाऊन गॅस बारीक करून आले.

"कोणाला हवाय टीव्ही?"

"आमच्या धाकट्याला, दुसऱ्या कोणाला! परवा पहाटं देवगिरीनं परतूरला उतरला. म्हणलं पोळ्याला आलं लेकरू, बैलाला झूल तरी आणली आसंल. पिशवी उघडून बगते तर काय, दोन काळ्या डब्या, एक इतभर टीव्ही आन् वायरींचा गुंता. म्हणलं, आरं, तू पिक्चरमदी काठीला माइक बांधून उभा ऱ्हातूस ना? मग टीव्ही काहून?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणतो, माय, मला दिसत न्हाई." आक्कांनी कपाळावर हात मारला. "म्या घाबरलेच ना! म्हणलं, डोळ्याला काय झालं लेकराच्या. जालन्याच्या दवाखान्यात न्यायची तयारी केली म्या. तर तसं न्हाई म्हणे. फ्रेम दिसत न्हाई."

"आलं लक्षात."

"तुमच्या आलं, माझ्या न्हाई आलं. आन् ते बी चाललं आसतं. पण बापूंची बॅटरी नेली ना त्यानं!"

खरी बातमी इथं होती. कपाशीवर मावा-तुडतुडे पडलेले, बापूंनी पिपात औषध कालवून ठेवलेलं, पाठीवर पंप अडकवला, खटका दाबला, तर पंप मुका. खालचं झाकण उघडलं तर आत बॅटरीच नाही. ती धाकट्याच्या खाटेखाली, टीव्हीला जोडलेली. मग बापूंनी जे शब्द वापरले ते आक्कांनी मला अर्धेच सांगितले. उरलेले आमच्या घरापर्यंत थेट ऐकू आले होतेच.

तेवढ्यात धाकटा स्वतःच ओट्यावरून उतरून आला. कानावरचे मोठे हेडफोन गळ्यात, हातात तो इतभर टीव्ही. "काकू, तुम्ही तरी सांगा मायला. फवारणीची बॅटरी बारा व्होल्टची असते. हा मॉनिटर सात व्होल्टपासून चोवीसपर्यंत काहीही खातो. दहा वॉटची भूक आहे त्याची. बारा व्होल्ट आठ अँपिअरची बॅटरी म्हणजे हिशेबानं नऊ तास, खरं धरलं तर पाच-सहा. रात्री लाइट गेली होती, मला डबी तपासायची होती. बापूंना सकाळी परत देणारच होतो."

"सकाळ कव्हा झाली तुझी? साडेनवाला!" आक्का.

बॅटरीचा खटला तिथंच ठेवून मी मुद्द्यावर आले. मलाही खरं तर कळलं नव्हतं. सिनेमाच्या सेटवर पडदे काय कमी असतात? एका मालिकेच्या शूटिंगला आम्ही वाईला शाळेच्या सहलीत थांबलो होतो, तर तंबूत चार-चार पडदे लावलेले दिसले होते.

"असतात ना," तो म्हणाला. "दिग्दर्शकाचा सगळ्यात मोठा. कॅमेरामनचा वेगळा. फोकस ओढणाऱ्याचा त्याच्या हाताशी. मग कंटिन्युइटीवाली बघते, कपडेपटवाले बघतात, मेकअपदादा बघतो, जाहिरात असली तर कंपनीची माणसं सोफ्यावर बसून बघतात. निर्मात्याचा भाचा आला तर तो खुर्ची ओढून बघतो. साउंडची ट्रॉली कुठं? भिंतीच्या पलीकडं, जिन्याखाली, नाहीतर बाथरूमच्या दाराशी. कारण म्हणे तुम्हाला फक्त ऐकायचंय."

"म्हणजे आचाऱ्याची पंगत शेवटची," आक्का म्हणाल्या. "सगळं लग्न त्यानं रांधायचं आन् त्याला वरण खरवडून."

धाकट्याला ते इतकं पटलं की त्यानं मुंबईत जाऊन सगळ्यांना सांगतो म्हणून कबूल केलं.

आता या कामाला चित्र कशाला, ते त्यानं कुंपणाच्या तारेवरच दाखवलं. तारेच्या खाली जे दिसतं ते चित्रात, वर जे आहे ते बाहेर. बूमवाल्यानं, म्हणजे माइकची काठी धरणाऱ्यानं, माइक त्या तारेच्या बोटभर वर धरायचा. जितका खाली तितका आवाज स्वच्छ, आणि बोटभर जास्त खाली गेला की माइकचं केसाळ टोक हिरोच्या डोक्यावर लटकताना दिसतं. मग तंबूतून ओरड येते, "बूम आत!" आणि पन्नास माणसं वळून एकाकडंच बघतात. हिरोनं रडायचा प्रसंग मोठ्या कष्टानं जमवलेला असतो. तो पुन्हा रडायला तयार होईपर्यंत चहा होतो, आणि चहाच्या रांगेत जो तो बूमवाल्याला विचारतो, काय रे, झोप झाली नाही का. म्हणून पोरं घाबरून माइक हातभर वर धरतात, आणि मग आवाजात खोली घुमते, पंखा येतो, बाहेरची रिक्षा येते. चूक होऊ नये म्हणून केलेलं काम वाईट होतं. फ्रेमची कड नीट दिसत असली तर हे होत नाही.

"आन् दुसरं," तो म्हणाला, "हल्ली दोन कॅमेरे एकदम लावतात. एक वाइड, एक क्लोज. क्लोजला माइक इथवर आणता येतो." त्यानं हात आक्कांच्या पदरापाशी आणला. "पण वाइडमध्ये अख्खी खोली दिसते. मग माइक छतालाच चिकटवायचा. चित्रच दिसलं नाही तर कळणार कसं की आज लेपलवर भिस्त ठेवायची का काठीवरच्या गनमाइकवर? आणि लेपल साडीतून डोकावतोय का, तेही बघायचंय."

"लेपल म्हणजे?"

"पदराखाली लपवायचा छोटा माइक, माय."

"शी! आन् तो कोण लपवतो?" आक्कांचा चेहरा असा झाला की धाकट्याला पाच मिनिटं सेटवरच्या रीतीभाती सांगाव्या लागल्या. नटीला माइक लावायचा तर कपडेपटातली बाई मदतीला असते, आधी विचारून लावतात, वगैरे. आक्कांचं समाधान झालं नाही. लग्नाची बोलणी सुरू आहेत ना त्याची.

मी म्हटलं, पूर्वी कसं करत असतील? तेव्हा तर असले पडदे नव्हते.

या बाबतीत मला थोडं वाचून माहीत होतं, त्यामुळं मीही भाव खाल्ला. 'आलम आरा' १९३१ साली आला, तेव्हा स्टुडिओच्या शेजारून आगगाड्या जायच्या म्हणून रात्री, गाड्या थांबल्यावर चित्रण करायचे. पुढच्याच वर्षी प्रभातनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला, आपला पहिला मराठी बोलपट. प्रभातमध्ये आवाजाची बाजू विष्णुपंत दामल्यांकडं. त्या काळात गाणंसुद्धा चित्रणाच्या वेळीच मुद्रित व्हायचं, म्हणजे नट गातोय आणि पेटी-तबलावाले कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेतानं बसलेत. फ्रेम कुठवर आहे हा प्रश्न तेव्हापासूनचा. फक्त तेव्हा माइक धरणाऱ्याला दिसायचं काहीच नाही. भिंगात एकट्या कॅमेरामनला दिसायचं.

"आमचे जुने उस्ताद लेन्स विचारायचे," धाकटा म्हणाला. "पन्नासची लावलीय का पंचाहत्तरची, एवढं कळलं की माइक कुठवर आणायचा ते डोळे मिटून सांगायचे."

"मग तू बी तसंच शिक की," आक्का. "टीव्हीचे पैसे वाचतील."

मला हे बोलणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही. पण मधल्या काळात काय झालं ते पाहायला हवं. नंतर स्टुडिओतून बाहेर पडून चित्रण सुरू झालं, आणि हलके आरी कंपनीचे कॅमेरे आले ते इतके घरघरायचे की जागेवरचा आवाज निरुपयोगी व्हायचा. मग हिंदी-मराठी सिनेमानं सोपा रस्ता धरला: आत्ता नुसते ओठ हलवा, नंतर डबिंग करू. कित्येक वर्षं सेटवरचा आवाज हा नंतर डब करताना संदर्भाला ऐकायचा, एवढीच त्याची किंमत. जागेवरचा आवाज पुन्हा मानानं आला त्यात 'लगान'चा मोठा वाटा. कच्छमध्ये, भूजजवळच्या कुनरिया गावाशी, हजारो गावकऱ्यांच्या गर्दीत नकुल कामटे यांनी तो आवाज जागेवर घेतला. २००१ साली सिनेमा आला आणि ध्वनीचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. त्यानंतर आवाजवाल्याला काम आलं, जबाबदारी आली. पडदा मात्र आला नाही.

"त्या वेळी फिल्मच्या कॅमेऱ्याला एक छोटा व्हिडिओ कॅमेरा आतून चिकटवायचे," धाकट्यानं सांगितलं. "जेरी लुईस नावाच्या अमेरिकन नटानं १९६० च्या सुमारास सुरू केलं म्हणतात. स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नट. स्वतःला बघायचं होतं. पण ते चित्र अंधुक, फडफडणारं. त्यात माइकचं टोक आणि पडद्याची झालर यात फरक कळायचा नाही. आता कॅमेरे डिजिटल झाले, चित्र आरशासारखं स्वच्छ. वायर एकच, एसडीआयची. १९९८ साली त्याच्या एचडी रूपाचं प्रमाण ठरलं: सेकंदाला जवळपास दीड अब्ज बिट एका जाड वायरीतून."

वायरीवरून फाट्यावरच्या सीसीटीव्हीवाल्याची गोष्ट निघाली, ती सांगायला दोघंही एकदम सरसावले. धाकट्याला वाटलं, मॉनिटर विकत कशाला घ्या, फाट्यावर दुकानात बीएनसीची खोबण असलेला जुना पडदा पडलाय, तो स्वस्तात घेऊ. दुकानदारानंही छाती ठोकून सांगितलं की हीच पिन, हीच वायर, चालणारच. पिन फिरवून बसवली, अगदी खट्ट आवाज झाला. पडद्यावर निळं आकाश. तासभर ते निळं आकाश बघायला निम्मा फाटा जमला होता. कोणी म्हणे अँटेना वर करा.

"पिन तीच, पण आत वाहतं ते वेगळं," धाकटा म्हणाला. "सीसीटीव्हीची पद्धत निराळी, एसडीआयची निराळी. पण एक फायदा झाला. डिशची जी वायर असते ना, आपल्या घरावरून गेलेली, ती पंचाहत्तर ओहमची. एसडीआयलाही पंचाहत्तरच लागते. चांगल्या तांब्याची आरजी-सिक्स घेतली तर पन्नास मीटरपर्यंत एचडी चित्र निमूट जातं. भारी वायरीच्या पाव किमतीत."

"म्हणून आमच्या टीव्हीला परवापासून मुंग्या!" आक्कांना एकदम उलगडा झाला. धाकटा वेलावरचं पान निरखू लागला.

वायर असली तरी सेटवर कोणी ती ओढू देत नाही, हे पुढचं दुखणं. कॅमेरा खांद्यावर घेऊन पळायचा असतो, वायरीत पाय अडकला तर लाखोंचं भिंग जाईल. म्हणून बिनतारी डब्या आल्या. टेराडेकची 'बोल्ट' नावाची जोडी आली ती लाखांच्या घरातली. तिच्यात उशीर जवळजवळ नाहीच. ती दिग्दर्शकाच्या तंबूला मिळायची. आवाजवाला पुन्हा जिन्याखाली. मग गेल्या सात-आठ वर्षांत हॉलीलँड, अॅक्सून अशा चिनी कंपन्यांनी तेच काम हजारांत आणून ठेवलं. काही डब्यांना तर समोर दुसरी डबीही लागत नाही. अॅक्सूननं २०१९ मध्ये काढलेली सिनेआय कॅमेऱ्याला लावायची आणि चार जणांनी आपापल्या फोनवर चित्र बघायचं.

"सगळ्यात स्वस्त सांगू काकू?" त्यानं खिशातून अंगठ्याएवढं काहीतरी काढलं. "हे कॅप्चर कार्ड. एका बाजूनं एचडीएमआय जातं, दुसऱ्या बाजूनं जुन्या अँड्रॉइड फोनला लागतं. पाचशे-सातशे रुपये. फुकटचं अॅप टाकायचं. काच फुटलेला बापूंचा जुना फोन आता माझा एचडी मॉनिटर आहे."

"तो फोन हरवलाय म्हणून बापू दोन महिने शोधतायत," आक्का म्हणाल्या. शेजारी उभं राहून मला हसू दाबता येईना.

पण स्वस्तात एक खोट असतेच, आणि ती या पोरानं लपवली नाही, हे मला आवडलं. त्यानं डबी लावलेला कॅमेरा ओट्यावर ठेवला, फोन आक्कांच्या हातात दिला, हेडफोन त्यांच्या डोक्यावर अंबाड्यासकट बसवला आणि मला म्हणाला, "काकू, काहीही बोला."

मी काय बोलणार? सहावीच्या हजेरीतली नावं म्हणायला लागले.

आक्का फोनकडं बघत होत्या. भुवया वर गेल्या. "मॅडम, तुमचा आवाज तोंडाच्या आधी येतोय!"

"हाच तो उशीर," धाकटा म्हणाला. "डबी चित्र दाबते, हवेतून पाठवते, फोन ते उलगडतो. त्यात दोन-तीन फ्रेम जातात. आपल्याकडं सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. म्हणजे ऐंशी, कधी शंभर-सव्वाशे. आवाज मात्र वायरीतून सरळ कानात. तो थांबत नाही."

"आमच्या धाकट्या जावेचं बी तसंच हाय. तोंड उघडायच्या आधी ऐकू येतं."

जावेचा विषय मी मुद्दाम वाढू दिला नाही, कारण या उशिरात एक गंमत होती. आक्का रोज लांब हौदावर धुणं आपटतात. इथून बघितलं तर कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, फट् आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चौदा मीटरला एक फ्रेम मागं पडतो. जन्मापासून आपल्याला सवय याच क्रमाची. आधी दिसणार, मग ऐकू येणार. वीज आधी, गडगडाट नंतर. आधी ऐकू आलं आणि मग दिसलं, असं निसर्गात कधी घडत नाही. म्हणून मेंदू उशिरा आलेला आवाज चालवून घेतो, आगाऊ आलेला नाही. टीव्हीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आकडेही दिलेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला खटकायला लागतं, पण मागं राहिला तर १२५ पर्यंत पत्ता लागत नाही. स्वस्त डबी नेमकी नावडत्या बाजूला चुकते. दिवसभर तसं बघितलं तर डोकं भणभणतं, असं धाकटा म्हणाला. आक्कांनी तर दोनच मिनिटांत हेडफोन काढून ठेवला.

"मग तू काय करतूस?"

"बोलण्याकडं फोनवर बघायचंच नाही. फोनवर फक्त कड बघायची: फ्रेम कुठं संपते, लेपल दिसतो का, कॅमेरा कोणाकडं वळला. बोलणं कानानं आणि संवादाच्या कागदावरून धरायचं. काही रेकॉर्डरांत आवाजही मुद्दाम उशिरा बाहेर सोडायची सोय असते. मी ती कानासाठी वापरत नाही. बूमवाला जे करतो ते मला त्याच क्षणी ऐकू यायला पाहिजे."

मला वाटतं, या धंद्यात महाग डबी आणि स्वस्त डबी यांतला फरक एवढाच आहे. ज्याला चित्राच्या तालावर काहीतरी फिरवायचंय, फोकस ओढायचाय, त्यानं उशीर नसलेली घ्यावी, पैसे मोजावेत. आवाजवाल्याचं काम दोन फ्रेमच्या उशिरानं अडत नाही. त्याचं आजवर अडत होतं ते काहीच न दिसल्यानं. धाकट्यानं कर्ज काढून बोल्ट घ्यायचं ठरवलं असतं तर मी कुंपण ओलांडून आक्कांच्या बाजूनं भांडले असते.

दुसरी खोट लहरींची. ही डबी पाच गिगाहर्ट्झवर बोलते. त्या पट्ट्यातल्या वायफायसारख्या यंत्रांना परवाना लागत नाही, २०१८ मध्ये केंद्रानं तो आणखी मोकळा केला. मोकळं म्हणजे सगळ्यांचंच. मुंबईत एका मजल्यावर वीस वायफाय. शिवाय या लहरींना माणसं आडवी येतात. मधे चार स्पॉटदादा उभे राहिले की चित्र तुटतं. म्हणून घेणारी डबी डोक्याच्या वर, काठीला बांधायची. आणि पाठवणारी डबी किंवा एचडीएमआयची हलकी वायर आपल्या बिनतारी माइकांच्या अँटेनाजवळ ठेवली तर माइकच खरखरायला लागतात. चित्र मिळवता मिळवता आवाज घालवायचा, म्हणजे नोकरीच गेली. आमच्या गल्लीत पत्र्याची शेडं आहेत, तिथं तर धाकट्याला अंगणातून गोठ्यापर्यंतच चित्र मिळालं. डबीच्या खोक्यावर शे-दीडशे मीटर छापलंय. खोक्यावरचे मीटर मोकळ्या माळावरचे असतात.

"आन् ते फोनवर हिरोईन दिसते, मग लोक फोटो काढत न्हाईत का?" हा प्रश्न आक्कांनी विचारला आणि मला त्यांच्या अकलेचं कौतुक वाटलं.

"काढतात! म्हणून मोठ्या सेटवर फोन बंदच. एकदा कोणीतरी नायिकेचा लूक बाहेर फोडला, तेव्हा पहिला संशय साउंडवर. कारण फोन आमच्या ट्रॉलीवर होता. म्हणून आता हा साधा मॉनिटर घेतला. याच्यात सिमच नाही, कोणाला पाठवणार?"

मधेच बापू शेतातून आले. बॅटरी पंपात, पंप पाठीवर, तोंड पूर्वेला. थांबले. "कितीला पडलं हे सगळं?"

"जुन्यात घेतलं, बापू. डब्या, मॉनिटर मिळून तीस हजार."

बापूंनी मनात काहीतरी केलं. "२०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव ७५२१. म्हंजी चार क्विंटल कापूस." एवढं बोलून निघून गेले. त्यात रागही नव्हता. पण धाकटा बराच वेळ गप्प राहिला.

त्याला धीर यावा म्हणून मी आसामच्या मल्लिका दासची गोष्ट काढली. रीमा दासनं आपल्या गावात, छयगावला, साध्या डीएसएलआरवर 'व्हिलेज रॉकस्टार्स' काढला. कॅमेरा, संकलन, दिग्दर्शन सगळं तिचंच. आवाज धरला तो चुलतबहिणीनं, मल्लिकानं. कुठला तंबू आणि कुठले चार पडदे! २०१८ साली जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचं राष्ट्रीय पारितोषिक तिला मिळालं.

"आणि त्याच्या पुढच्या खेपेला आपल्या मराठीला," धाकट्याचा चेहरा खुलला. "'तेंडल्या'. गौरव वर्मा. ते पारितोषिक तेव्हा फक्त सिंक साउंडच्या सिनेमाला द्यायचे काकू, म्हणजे आवाज जागेवर धरलेला असला तरच."

"फक्त?" मी म्हटलं. "मग २०२२ ला काय झालं?"

त्याला माहीत होतंच. आक्कांना नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ६८ व्या पारितोषिकांत जागेवरच्या ध्वनीचं बक्षीस 'डोल्लू' या कन्नड सिनेमाला जाहीर झालं. आणि रसूल पूकुट्टी यांनी जाहीरपणे सांगितलं की तो सिनेमा तर डब केलेला आहे. हे पूकुट्टी म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, जुन्या प्रभातच्याच आवारात. 'स्लमडॉग'च्या आवाजाला ऑस्कर घेतलेले. सिनेमाच्या ध्वनिसंयोजकानंही तेच सांगितलं.

"म्हंजी ज्यांनी बक्षीस दिलं त्यांना ऐकून कळलं न्हाई?"

"न्हाई."

आक्का खूप खूश झाल्या. दिल्लीतली चूक वाटूरच्या कुंपणावर यायला वेळ लागला, पण आली. "हे म्या संध्याकाळी पारावर सांगते," म्हणाल्या.

धाकट्याला तिसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. पण फाट्यावरच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं डबी पाहिली होती. त्याला मांडवात मोठ्या पडद्यावर वधूवर दाखवायचेत, वायर ओढायची नाही. धाकट्याकडं आणखी एक जुनी जोडी होती, जरा खरचटलेली, उशीर थोडा जास्त. मांडवात उशिराचं कोणाला काय, असं तो म्हणाला. अक्षता आधी पडल्या काय, नंतर दिसल्या काय. ती जोडी गावातच ठेवून भाड्यानं द्यायची ठरली. भाडं गोळा करायचं आक्कांनी.

"मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय," आक्का तारेवरून वाकल्या. "एका कागदावर लिहून द्या. डबी पडली तर कोणाची, भिजली तर कोणाची."

मी वही आणली. पहिलं कलम: भाडं आगाऊ. दुसरं: भिजली तर भरून द्यायची. तिसरं धाकट्यानं सांगितलं: अँटेना पिळायच्या नाहीत. चौथ्याला आक्का थोडं थांबल्या, रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिहा. सप्त्याला मंडळ मागंल, त्याला न्हाई म्हणायचं न्हाई, पण व्हिडिओवाल्यानं आपली डबी घेऊन मंडळाला परत भाड्यानं द्यायची न्हाई. गेल्या साली त्यानं आमचा मांडवाचा पडदा तसाच फिरवला."